काढण्याचा क्रम

'सगळं काढू?' असं टूलने विचारलं, नूतनने 'यस' टाइप केलं आणि चहाचा कप उचलला. भडगावच्या रतिलालभाऊंच्या कोल्ड स्टोरेजची जुनी क्लाउड यंत्रणा आज काढून टाकायची होती. नवी तयारच होती. काय आधी काढायचं नि काय मागून, हे टूलच आपलं आपण ठरवतं, म्हणून जळगावच्या त्या ऑफिसात कुणी फारसं डोकं लावलं नव्हतं.

टूलचा नियम सरळ. जे दुसऱ्याच्या आधारावर उभं, ते आधी काढायचं, आधार शेवटी. थंडाव्यासाठी वापरतात तो विषारी अमोनिया वायू गळला की गड्यांचे फोन वाजवणारा अलार्म यंत्रणेच्या बाकी सगळ्या भागांच्या डोक्यावर बसलेला, तेव्हा पहिला तोच गेला. स्क्रीनवर तशी ओळ आली. मग डेटाबेस काही निघेना आणि टूल तिथेच अडून बसलं.

शेजारच्या पियुषने सहज विचारलं, नवा अलार्म जोडला होता ना? नूतनने कप खाली ठेवला. नवा जोडल्याशिवाय जुना काढू नकोस, हे तिने टूलला कुठे लिहूनच दिलं नव्हतं. ते बिचारं सांगितलं तेवढंच ऐकतं. तिने भडगावला फोन लावला.

तिथली मशीन सांभाळणाऱ्या छगननानांनी उचलला. तिने घाईघाईने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

"ठीक शे ना ताई. वास येस थोडा, पण फोन वाजना नही. मंग पोऱ्हे गयात मझार, माल भराले."

"वास येतोय तर आत कसे सोडले, नाना?"

"तुम्हीनच सांगेल शे ना. नाकवर जाऊ नका, फोनवर भरोसा ठेवा."

तिनेच सांगितलं होतं. जरा वास आला की गडी काम टाकून पळतात, अशी भाऊंची तक्रार होती, आणि अलार्म बसवताना तिने मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना उभं करून समजावलं होतं. गडी ऐकत नाहीत असं भाऊ म्हणाले होते. तिचं मात्र गड्यांनी ऐकलं.

"सगळ्यांना बाहेर काढा, नाना. आत्ता."

नानांनी फोन चालूच टेबलावर टाकला. लांबून त्यांच्या हाका नूतनला ऐकू येऊ लागल्या. दीपक. कुणीतरी ओ दिली. मोतीलाल. खोकत खोकत ओ आली. मग फैज.

मग पुन्हा फैज.