ठरलेलं गाणं

रविवारी नवे स्पीकर येणार आहेत, हे गिरिधरला बुधवारी जेवताना कळलं आणि घास हातातच राहिला.

"दीनानाथला सांगितलंय मी," त्याची बायको प्रेमला म्हणाली. "औरंगाबादहून घेऊन येतो म्हणाला. कमरेएवढे हायेत."

"अन् हा डेक?" गिरिधर ओरडला. ओरडला म्हणजे रागावला नव्हता. त्या घरात मीठसुद्धा ओरडूनच मागावं लागे. मागे टेपडेकवर डीप पर्पल या विलायती बँडचं गाणं चालू होतं.

"हा आता पुरत न्हाई," ती म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

गिरिधर जालन्यात पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून. त्याला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या, पेन्शन आणि शांतता. पेन्शनला अजून वीस वर्षं होती. शांततेचं वाटोळं त्याने स्वतःच्या तोंडाने करून घेतलं होतं, पंच्याऐंशी साली, टेंभुर्णीला मुलगी बघायला गेला तेव्हा.

पोहे आले, मुलगी आली, आणि कोपऱ्यातल्या टेपवर कुणी गोरे लोक जिवाच्या आकांताने किंचाळत होते. "बहिणीला भारी नाद हाय," मुलीचा भाऊ दीनानाथ म्हणाला. "क्वीन म्हणा, पिंक फ्लॉइड म्हणा." फळीवर कॅसेटींची रांग होती. कीर्तनकाराचं एक हमखास आख्यान असतं, तसं प्रत्येक बँडचं एक ठरलेलं गाणं असतं, हेही त्यानेच समजावलं. टेप बंद करावा असं कुणालाच सुचलं नाही. गिरिधरच्या मामांना घसा फोडून प्रश्न विचारावे लागले. याआधी बघितलेल्या मुली जमिनीकडे बघून पुटपुटत. ही सरळ तोंडाकडे बघून नेमकं उत्तर देत होती. त्या नजरेवर गिरिधर खलास झाला.

"तुम्हाला आवडतं का असलं?" दीनानाथने विचारलं.

गिरिधरची मजल तोवर अभंगांच्या पुढे गेली नव्हती. तो म्हणाला, "आवडतं? अहो, याच्याशिवाय मला जेवण जात न्हाई."

त्यानंतर तेरा वर्षं त्याला याच्याशिवाय जेवण मिळालं नव्हतं.

चहाला क्वीन, जेवायला डीप पर्पल. पाहुणा दाराशी दिसला की प्रेमला आधी बटण दाबायची, मग पाण्याचा तांब्या आणायची. मुलगी बेबीनंदा याच गदारोळात वाढली; ती वर्गात "हजर" म्हणाली की शेजारच्या वर्गातली पोरंही उभी राहत. लाइट गेली की खूश होणारा जालन्यातला गिरिधर हा एकटाच माणूस असावा. पण त्या शांततेत बोलायची सोय नव्हती. लाइट गेली रे गेली की प्रेमलाचं डोकं दुखायचं आणि ती पदर तोंडावर ओढून पडून राहायची. गाण्यावाचून बाई अर्धी होते, असं शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत. रात्रीही तेच. दिवा मालवला की तिला तत्क्षणी झोप. "प्रेमला, एक सांगायचं होतं," अशी सुरुवात त्याने अंधारात कितीदा केली होती. हूं नाही की चूं नाही.

गुरुवारी ऑफिसात त्याने शिपाई मच्छिंद्रपाशी मन मोकळं केलं.

"मंग सांगून टाका ना एकदाचं," मच्छिंद्र म्हणाला.

"काय सांगू? तेरा वर्षं खोटं बोललो म्हणून?"

"खून केल्यावानी बोलून राह्यले साहेब तुम्ही. गाणं आवडत न्हाई, एवढंच ना?"

"अरे, माहेराहून तिने एवढं एकच आपलं म्हणून आणलं. त्यात जोडीला म्हणून मला पसंत केलं. आता म्हणू का, तो माणूस मी नव्हतोच? मनातून उतरलो तर पुढं काय राह्यलं?"

मच्छिंद्रने डोकं खाजवलं. "ते बी बराबर हाय. मंग कापूस घाला कानात."

"दोन दिवस घातला होता. समोरचं माणूस काय बोलतंय तेच कळंना. ऑफिसात सगळे हसले. असं कुणी जगतं का रे?"

"बिलकुल न्हाई," मच्छिंद्र म्हणाला आणि फाइली उचलून चालता झाला.

रविवार उजाडला. दीनानाथ अकराच्या गाडीने येणार होता. बेबीनंदा शिकवणीला गेली होती. प्रेमला दारात, अंगणाकडे तोंड करून मेथी निवडत बसली होती, आणि डेकवर पूर्ण आवाजात डीप पर्पलचं ते ठरलेलं गाणं चाललं होतं. ते कमरेएवढे स्पीकर एकदा घरात शिरले की जन्मात काही बोलता यायचं नाही, हे गिरिधरने ओळखलं. त्याने बटण दाबलं. कॅसेट काढून हातात घेतली.

घर इतकं गप्प झालं की शेजारच्या अंगणात कोंबडी दाणे टिपत होती तेही ऐकू आलं. गिरिधर तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"प्रेमला, वळू नको. तू तोंडाकडे बघितलंस तर मला बोलणं व्हायचं न्हाई. मी खोटं बोललो. टेंभुर्णीला बोललो अन् मंग बोलतच गेलो. मला यातलं एकबी गाणं आवडत न्हाई. क्वीन न्हाई, फ्लॉइड न्हाई, कुणीच न्हाई. तू आवडली होतीस. तुला काय बोलायचं ते बोल, माहेरी जाते म्हण, पण ते स्पीकर नको आणू. थोडं शांत बसू दे गं घरात."

ती वळली नाही. तिच्या बोटांत मेथीची काडी मोडली, मग दुसरी मोडली. ही रडते आहे की चिडली आहे, त्याला कळेना. तो एक पाऊल पुढे सरकला. कॅसेट अजून त्याच्या हातातच होती.

त्याचे पाय कडेला दिसले तशी प्रेमला दचकली; खालमानेनेच तिने डोकं तालात डोलवायला सुरुवात केली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अहो, हे कडवं लागलं ना, की मला दुसरं काही सुचतच न्हाई बघा!"