लख्ख चित्र

मेंदूतली गाठ स्पष्ट दिसावी म्हणून तिने कर्करोग-संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं खपून स्कॅनची नवी पद्धत बसवली होती. आज यंत्रात तिचेच वडील होते आणि तिसऱ्यांदा चित्र हललं होतं. "बाबा, किती वेळा सांगू? हलू नका!" ती माईकवर कडाडली. "अगं, दगडासारखा पडलोय," आतून आवाज आला. "मग चित्र काय आपोआप हलतंय?" हेडफोन आपटून ती आत गेली. बाबांनी डोळे मिटून दात आवळले होते. डावा पाय झटके देत होता. उजव्या पायाने ते त्याला दाबू पाहत होते. गाठच त्यांना हलवत होती. आता चिडायचं कुणावर? तिने तो पाय घट्ट धरला आणि सहकाऱ्याला मानेनेच खुणावलं. या वेळी चित्र लख्ख आलं. गाठ मेंदूच्या पलीकडच्या बाजूलाही पसरली होती. पहिल्यांदाच तिला वाटलं, हललेलंच बरं होतं.