जांभळीच्या विहिरीची नोंद

"जांभळी, नऊ फूट पाणी," यमुनाताई म्हणाल्या. "आणि गुरुजी, आज तरी वेळेवर चहा घेतलात का?"

चाळीस गावांच्या विहिरी मोजणारे स्वयंसेवक सकाळच्या सामूहिक फोनवर हसले. नोंदी लिहून घेणारे दामोदर गुरुजी हसले नाहीत. काल जांभळीची एक बाई कळवळून सांगत होती, विहीर आठ दिवस कोरडी आहे आणि तुमच्या नोंदीमुळे टँकर येत नाही.

सगळ्यांनी फोन ठेवल्यावर त्यांनी ताईंच्या मुलाला फोनवर गाठलं. "नागेश, आई कुठंय?"

"चैत्रातच गेली, गुरुजी. तिचा फोनच तिच्या आवाजात बोलतो, जुन्या आकड्यांवरून अंदाज सांगतो. बंद करायला हात धजावला नाही. सकाळी ती बोलली की घर भरल्यासारखं वाटतं."

आजारपणात नोंद चुकू नये म्हणून ही सोय गुरुजींनीच सर्वांना दिली होती.

"चूक माझीही आहे, बाळा. पण गाव तहानलंय."

फोनवर गुरुजींना नागेशची पावलं ऐकू आली, मग विहिरीत दोर सोडल्याचा आवाज.

"लिहून घ्या," तो अखेर म्हणाला. "जांभळी, पाणी नाही. मोजणारा, नागेश यमुना ढवळे."