बर्गनपर्यंत सात गाड्या

“यंदा मी जाणारच, मास्तर,” नोटबुर्गाने सांगितलं आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “तुम्ही फक्त गाड्या सांगा.”

कोर्बिनियान नेहमीसारखा तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून बसला. त्या खिडकीतून खालची घळ दिसे, घळीवरचा रेल्वेचा पूल दिसे. तीस वर्षं त्याने गावचं स्टेशन सांभाळलं होतं. निवृत्त झाला तरी कुणाला लांब जायचं असलं की लोक त्यालाच विचारत. गाड्यांच्या वेळा काय, फोनवरही दिसतात. पण कुठल्या स्टेशनात म्हाताऱ्या गुडघ्यांना जिना चढावा लागतो, ते मास्तरच सांगणार.

सगळ्यांत वरचं कार्ड नॉर्वेतल्या बर्गनहून आलेलं होतं. मागे छापील वळणाची एकच ओळ: ‘आई, मी बरा आहे. वेंडेल.’

बावीस वर्षांत बावीस कार्डं. दर ऑक्टोबरात मुलाचं कार्ड यायचं, आणि नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, नोटबुर्गा मास्तरांना बोलावून त्याच्यापर्यंतचा रस्ता आखायची. जाणं कधी झालं नव्हतं. या वेळी मात्र दाराशी पेटी उभी होती.

“सात गाड्या आहेत, बुर्गीबाई. इथून इन्सब्रुक, मग म्युनिक, हॅम्बुर्ग, कोपनहेगन, गोथेनबर्ग, ऑस्लो, आणि शेवटी बर्गन. हॅम्बुर्गला नऊ मिनिटांत गाडी पकडायची. तुमचा गुडघा…”

“पुढची पकडेन. जपमाळ आहे सोबतीला.”

“आणि शेळ्या?”

“शेजारच्या आफ्राला देऊन टाकल्या. म्हणाली, जा बाई एकदाची, दरवर्षी ऐकून माझे कान किटले.”

“घाटात बर्फ पडलं तर गाडीच…”

“मास्तर, तुम्ही मला गाड्या सांगताय की घरी बसवताय?”

कोर्बिनियान हसला. हसताना त्याने वेळापत्रकाचं पान उगाच उलटलं.

“थंडी कितपत असते तिकडे?” तिने विचारलं.

“आपल्याइतकी नाही. पण ओली.”

“मग हातमोजे न्यायला हवेत त्याचे. एकच आहे घरात.”

“एका हातमोज्याने काय व्हायचं?”

“तेच तर,” म्हणत ती दुधाखालचा जाळ कमी करायला उठली.

ती खरंच निघाली होती. सात गाड्या बदलून, दुखऱ्या गुडघ्याने, त्या परक्या गावात उतरून ती दारोदार एका मुलाचा पत्ता विचारणार होती. आणि ते कार्ड कोर्बिनियानने लिहिलं होतं.

सगळीच त्याने लिहिली होती. ओळखीचे गार्ड, ड्रायव्हर जातील तिथून टपालपेटीत टाकत.

बावीस वर्षांपूर्वी, जानेवारीत, बापाशी भांडून एकोणीस वर्षांचा वेंडेल स्टेशनात आला होता. शेवटची गाडी बर्फामुळे रद्द झालेली. “मास्तर, सकाळपर्यंत बाकावर पडतो,” तो म्हणाला. प्रतीक्षालय सातला बंद करायचा नियम होता. कोर्बिनियानने नियमाने कुलूप लावलं आणि त्याला घरी जायला सांगितलं. पोरगा घरी गेला नाही. रुळांवरून पुढच्या स्टेशनाकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी बाप विचारत आला, तेव्हा “सकाळच्या पहिल्या गाडीने गेला की!” असं कोर्बिनियानच्या तोंडून निघून गेलं. निघालं ते निघालं. वसंतात बर्फ वितळल्यावर कोर्बिनियान पुलाखाली उतरला. तिथे जे सापडलं त्यावरून वेंडेल कुठे गेला ते त्याला कळलं. बाकी सगळं नदीने नेलं होतं. आसपास कुणी नव्हतं. त्याने ते कोटाच्या खिशात घातलं. अजून ते त्याच्या घरी, पत्र्याच्या डब्यात, जुन्या शिट्टीखाली होतं.

“मी येतो तुमच्याबरोबर,” तो एकदम म्हणाला.

सातांपैकी कुठल्यातरी गाडीत सांगून टाकू. खिडकीबाहेर बघत सांगता येईल.

नोटबुर्गा वळली.

“बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालात,” ती हळूच म्हणाली. “बसा जरा. दरवर्षी मी दूध मांडायच्या आतच उठता. आज थांबा. अंधार पडायच्या आत घरच्यांना मिळायला हवं.”

त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक मृताच्या नावाने कोमट दुधाचा वाडगा आणि गोड पावाची वेणी ठेवायची. सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नोटबुर्गाने हा नेम एकदाही चुकवला नव्हता.

“हा सासऱ्यांचा,” तिने पहिला वाडगा ठेवला. “हा सासूबाईंचा. हा यांचा. यांना साय लागायची.”

मग तिने फळीवरून चौथा वाडगा काढला. निळ्या काठाचा, वर्षानुवर्षं वापरून काठ झिजलेला. त्यातही दूध ओतलं.

“मला नको, बुर्गीबाई. दूध पचत नाही मला.”

“तुमच्यासाठी नाहीये.”

तिने वाडग्यावर क्रूस काढला. ओठ हलले. एप्रनच्या खिशातून तिने लाल लोकरीचा, नदीच्या पाण्याने आटलेला एक हातमोजा काढला आणि वाडग्याशेजारी नीट ठेवला. मग खिडकीतून खाली पुलाकडे बघत, नेहमीच्या मऊ आवाजात तिने विचारलं,

“त्या वसंतात खालून उचललेला दुसरा तुम्ही जपून ठेवलाय ना, मास्तर?”