रुमालातली पोथी

हैदराबादेत कॉलेजात शिकणारा विरूपाक्ष सुटीला बेंबळीला आला आणि पहिल्याच दिवशी गावच्या वाचनालयात एका पुस्तकावरून भांडला. "असलं नास्तिकाचं पुस्तक इथं ठेवूच नका. पोथीचा अर्थ विचारायचा नसतो, ती ऐकायची असते," असं त्यानं सगळ्यांना बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निजामाचा पोलीस अधिकारी, अमीन, शिपाई घेऊन बंदीच्या पुस्तकांसाठी वाचनालयाच्या झडतीला येतोय अशी कुणकुण लागली. विरूपाक्षच आधी धावत वाचनालयात गेला आणि तेच पुस्तक त्यानं सदऱ्याखाली घातलं. "काढायचं तर गाव काढील. हा कोण काढणार?" एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं पुस्तक पोथीच्या लाल रुमालात गुंडाळलं आणि देवापुढं बसला. आई, चन्नम्मा, नेहमीसारखी हात जोडून शेजारी बसली. तेवढ्यात घरोघर झडती घेत अमीन दारात येऊन उभा राहिला.

"क्या पढ रहे? पढो, हम भी सुनेंगे."

अमीनला मराठी येत नव्हती. विरूपाक्षनं रुमाल सोडला, समोर आलेलं पान धरलं आणि रोजच्या संस्कृत पोथीच्या चालीवर वाचू लागला, "ज्याचा अर्थ कळत नाही, त्याला हात जोडण्याआधी अर्थ विचारावा..."

अमीननं थोडा वेळ ऐकलं, मान डोलावली आणि बूट न वाजवता निघून गेला.

चन्नम्मानं जोडलेले हात सोडले.

"आजची पोथी समदी कळली बघ," ती म्हणाली. "आता सांग, इतकी वर्षं वाचतोस तिचा अर्थ काय हाय?"