रविवारचं ताट

तिसऱ्याच घासाला गणपतरावांनी ताट सरकवलं. मानेवर आणि दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या.

"परत?" सून क्रांतीनं विचारलं.

"परत," म्हणत ते करकरा खाजवत उठले.

बायडाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. सलग चौथा रविवार.

तीन वर्षांपूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर नवऱ्याला पेजसुद्धा पचत नव्हती. तेव्हा बायडाबाईंनी नृसिंहवाडीला दत्त महाराजांच्या पादुकांपुढं हात जोडले होते, 'हे पुन्हा आडवा हात मारून मटण जेवू देत. मी जन्मभर तोंडाला लावणार नाही.' महिन्याभरात गणपतराव जेवायला लागले. तेव्हापासून दर रविवारी त्या त्यांच्यासाठी तांबडा-पांढरा करत, मीठ-तिखट क्रांती बघे. आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर त्या आमटी-भाकरी घेऊन एकट्याच बसत. पांढरा रस्सा त्यांचा जीव की प्राण होता, हे घरात कुणी बोलत नसे.

"मीबी सोडतो की," गणपतराव सुरुवातीला म्हणायचे. "तू तिकडं, मी हिकडं. घशाखाली उतरतंय व्हय हे?"

"तसलं बोलू नगासा. तुमी जेवावं म्हणून तर नवस केला. तुमीच सोडलासा तर देवाला काय तोंड दावू?"

बोलताना बायडाबाईंचे डोळे भरत. मग गणपतराव गप्प जेवत.

आणि आता हे. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "यात तर काही सापडत नाही. पण कधीकधी या वयातही मटणाची ॲलर्जी होते. अंगाला चालत नाही ना, मग सोडा."

बायडाबाई भ्याल्या. देवानं दिलेलं परत घेतलं? आपलं काय चुकलं? पुढच्या रविवारी अंघोळ करून, पोथीचा अध्याय वाचून त्यांनी नव्या पातेल्यात मटण शिजवलं. गणपतराव नेहमीसारखे बांधावरनं कांद्याची पात घेऊन आले, हात धुऊन बसले. दुसऱ्या घासाला गांधी. त्याच मानेवर, त्याच दंडांवर. पाठ मात्र स्वच्छ.

"बास," बायडाबाई म्हणाल्या. "देवालाच नको असंल."

"मग माझा काय विलाज हाय?" गणपतराव मान खाली घालून म्हणाले.

क्रांतीनं हात जोडले. "तालमीत असताना किलोभर एकटं रिचवणारा माणूस! आत्या, ही महाराजांचीच लीला की!"

तेव्हापासून घरात एकच आमटी शिजू लागली. तीन वर्षांनी दोघं शेजारी-शेजारी जेवायला बसले. गणपतरावांनी भाकरी चुरली, "मीठ कमी हाय," म्हणाले, आणि दोनदा वाढून घेतलं. बायडाबाईंना भरून आलं. महाराजांनी नवस मोडू न देता फिरवला होता. त्यांनी रोजच्या जपात एक माळ वाढवली.

संक्रांतीआधीच्या रविवारी त्या धुणं काढत होत्या. खुंटीला पडून राहिलेल्या गणपतरावांच्या शेतावरच्या बंडीच्या खिशात कागदाची पुडी लागली. कांद्याचं बी असेल म्हणून त्यांनी ती उघडली.

आत मखमली लवेच्या वाळक्या शेंगा होत्या. खाजकुयलीच्या. बघता बघता बोटं पेटली, मनगटावर लाल गांधी उठल्या. अगदी ओळखीच्या.

"येतीस न्हवं?" सोप्यातनं गणपतरावांची हाक आली. "थांबलोय की जेवायचा!"

बायडाबाईंनी आग होणारे हात जोडले आणि त्या पुडीला नमस्कार केला.