गोठलेली लस

"सिस्टर, चला की! बाया खोळंबल्यात," ड्रायव्हर ओरडला, आणि अनघाने फ्रीझरमधले बर्फाचे पॅक तसेच, दगडासारखे टणक, लसीच्या डब्यात कोंबले. खरं तर त्यांना घाम फुटेपर्यंत, आतलं पाणी खुळखुळेपर्यंत बाहेर ठेवायचं असतं, नाहीतर लस गोठते. पण नोकरीचा चौथाच दिवस, थांबा म्हणायचा धीर झाला नाही.

डोंगराखालच्या शाळेत, वरच्या वाडीतून उतरून आलेल्या अकरा बाया पोरं घेऊन बसलेल्या. तिने डबा उघडला, बाटली हलवली, तर आत लस गोठून गच्च!

"उन्हात ठेवा, होईल पातळ," ड्रायव्हर कुजबुजला. "कुणाला कळतंय?"

पातळ झाली असती, दिसलीही असती नेहमीसारखी. फक्त पोरांना तिचा काडीचाही उपयोग झाला नसता. अनघाने बाटली परत डब्यात ठेवली.

"बायांनो, घाईत माझ्याकडून लस गोठली. आता ती टोचून फायदा नाही."

"अन् आमची दोन तासांची पायपीट?" दोन्ही कडेवर जुळी घेतलेली एक आई तडकली.

"उद्या मीच डबा घेऊन वर चढते. तुमच्या दारात येते."

त्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये. पण या चपला घालून येऊ नको, पडशील."